बुजुर्ग विसरू लागतात तेव्हा मेंदूत काय घडते?

घरातले बुजुर्ग विसरू लागले की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, 'वय झालं, चालायचंच.' दुसरे, 'मुद्दाम करतात, आपल्याला छळायला.' नाना सकाळची गोळी घेऊनही पुन्हा मागतात. दादी असरची नमाज झाली की नाही, हे तासाभरात तीनदा विचारतात. चुलीवरचे दूध उतू जाते, किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडतात. सून वैतागते, मुलाचा आवाज चढतो, नातवंडे तोंड लपवून हसतात. या घरात वाईट कुणीच नसते. मेंदूच्या आत काय चालले आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, ते आत काय चालते याचा शोध ज्यांनी उभे आयुष्य घेतला, त्या एका शास्त्रज्ञाच्या कामाची ओळख आम्ही या लेखातून करून देत आहोत. त्यांचे नाव डॉ. मार्सेल मेसुलाम. जन्म तुर्कस्तानातला, वैद्यकीय शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात, आणि 1994 पासूनचे काम शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. विषय ऐकायला अवघड वाटेल: मेंदूतील कोलिनर्जिक मार्ग. पण हा विषय आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

दोन बेडकांची हृदये

आपला मेंदू सुमारे 8,600 कोटी चेतापेशींचा बनलेला आहे. या पेशी एकमेकींशी बोलतात, पण बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिशय बारीक फट असते. ती फट ओलांडून निरोप जातो कसा? पूर्वी अनेक शास्त्रज्ञांना वाटे की विजेची ठिणगी उडावी तसा तो जात असावा.

1921 साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी याचा छडा लावला. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत, स्वप्नात सुचली, असे ते स्वतः सांगत. त्यांनी दोन बेडकांची हृदये क्षारयुक्त पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूला चेतवून त्याची धडधड मंद केली. मग त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयाला दिले. दुसऱ्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंद झाले! म्हणजे पहिल्या हृदयाजवळ चेतातंतूने काही तरी रसायन सोडले होते आणि ते पाण्यातून दुसऱ्याकडे गेले होते. पुढे हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन असल्याचे सिद्ध झाले. 1936 साली लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या चेतापेशी आपला निरोप ॲसिटिलकोलीनच्या हाती पाठवतात, त्यांना कोलिनर्जिक पेशी म्हणतात. हात हलवणे, तोंडाला लाळ सुटणे, आतड्यांची हालचाल, लघवी होणे, या सगळ्यात हे रसायन काम करते. पण मेंदूच्या आत ते कुठे तयार होते आणि कुठल्या वाटेने कुठे पोहोचते? तो नकाशा काढणे बाकी होते.

वाटांचा नकाशा

इथे मेसुलाम यांचे काम सुरू होते. 1970 च्या दशकात ते बोस्टनमध्ये होते. चेतापेशीची वाट शोधायची एक युक्ती तेव्हा उपलब्ध होती. प्राण्याच्या मेंदूच्या पृष्ठभागात एका ठिकाणी विशिष्ट एन्झाइम टोचायचे. तिथपर्यंत पोहोचलेले तंतू ते शोषून घेतात आणि उलट्या दिशेने आपल्या मूळ पेशीपर्यंत वाहून नेतात. मग मेंदूचे पातळ काप करून त्यावर रसायन टाकले की ज्या पेशीत ते एन्झाइम पोहोचले ती रंगाने उठून दिसते. टपालाच्या शिक्क्यावरून पत्र कुठल्या गावाहून आले ते ओळखावे, तसाच हा प्रकार. अडचण अशी की जुन्या पद्धतीत रंग फिका येई आणि कितीतरी पेशी नजरेतून सुटत. 1978 साली मेसुलाम यांनी एक नवे रंगद्रव्य वापरून पद्धत सुधारली. पेशी गडद निळ्या दिसू लागल्या. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती पद्धत उचलली.

या युक्तीने त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर आणि माकडांच्या मेंदूतील कोलिनर्जिक वाटा एकेक करून शोधल्या. 1983 साली त्यांनी या पेशींच्या समूहांना साधी नावे दिली: सीएच 1 ते सीएच 6. पहिले दोन समूह हिप्पोकॅम्पसकडे तंतू पाठवतात. नवी आठवण पक्की करण्याचे काम जिथे होते तो हा भाग. तिसरा समूह वासाशी संबंधित भागाकडे जातो. पाचवा आणि सहावा मेंदूच्या देठात असतात आणि थॅलॅमस या मधल्या नाक्याकडे जातात. जागे राहणे, झोपणे, सावध असणे याच्याशी त्यांचा संबंध आहे.

आणि चौथा समूह, सीएच 4, हा या कहाणीचा मुख्य नायक. मेंदूच्या तळाशी, कपाळाच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी ही पेशींची लहानशी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाचे डॉक्टर थिओडोर मायनर्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात या पेशी साधारण दोन लाखांच्या आसपास. 8,600 कोटींपुढे दोन-चार लाख म्हणजे मोठ्या शहरातली एक गल्ली! पण मेंदूच्या संपूर्ण बाह्य आवरणाला ॲसिटिलकोलीनचा पुरवठा प्रामुख्याने हीच गल्ली करते. 1998 साली मेसुलाम यांच्या गटाने माणसाच्या मेंदूत हे तंतू नेमके कोणत्या मार्गांनी पसरतात तेही दाखवून दिले.

कालव्याचे दार कुणाच्या हातात?

एखाद्या धरणातून कालवा निघतो, त्याला पाट फुटतात आणि पाणी शेतोशेती पोहोचते. सीएच 4 चे काम काहीसे असेच आहे. हे पाणी पीक नव्हे. पण पाण्याशिवाय पीक नाही. ॲसिटिलकोलीन म्हणजे आठवण नव्हे. समोर आलेल्या गोष्टीकडे मेंदूने लक्ष द्यावे, ती वेगळी ओळखावी आणि जपून ठेवावी, यासाठी लागणारी ओल ते पुरवते.

मग या कालव्याचे दार उघडते कोण? मेसुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1984 च्या सुमारास माकडांच्या मेंदूत एक विलक्षण गोष्ट आढळली. सीएच 4 आपले तंतू आवरणाच्या सर्व भागांना पाठवते, पण उलट दिशेने सीएच 4 ला निरोप पाठवणारे भाग मोजकेच आहेत, आणि ते मुख्यतः भावना, भूक, भीती, आपुलकी यांच्याशी संबंधित आहेत. म्हणजे पाणी सगळ्या शेतांना जाते, पण दार उघडण्याचा अधिकार मनाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे आहे.

आम्ही शिक्षक मंडळी हे रोज वर्गात पाहतो. पाठ्यपुस्तकातील सनावळी मुलाच्या डोक्यात राहत नाही, पण ईदीत कुणी किती रुपये दिले हे त्याला वर्षभर पाठ असते. पूर्वी आम्ही याला हट्टीपणा म्हणत असू. मेंदूचा नकाशा सांगतो की जिथे मन गुंतते तिथे लक्षाची ओल आपोआप पोहोचते. घरातील बुजुर्गांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. धाकदपटशाने आठवण परत येत नाही. आपुलकीच्या, ओळखीच्या गोष्टीत मात्र मन टिकून राहते.

झरा आटतो तेव्हा

1976 च्या आसपास ब्रिटनमधील एडिंबरा, लंडन आणि न्यूकॅसल येथील संशोधकांना अल्झायमरने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन बनवणारे एन्झाइम फार कमी झालेले दिसले. हे रसायन येते कुठून, हा प्रश्न लगेच उभा राहिला. 1982 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांची मायनर्टची वस्ती तपासली. निरोगी माणसांच्या तुलनेत तिथल्या 75 टक्क्यांहून अधिक पेशी नष्ट झालेल्या होत्या. गल्लीच ओस पडली होती.

मेसुलाम यांच्या गटाने पुढे आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे अल्झायमरमध्ये कोलिनर्जिक तंतूंची हानी सगळीकडे सारखी नसते. कानशिलाजवळच्या भागात ती सर्वात जास्त असते. दुसरी, 2004 साली त्यांना आढळले की या वस्तीतील बिघाडाची सुरुवात फार लवकर, विसराळूपणा अगदी सौम्य असतानाच होते. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते.

दादी एकच प्रश्न तीनदा का विचारतात, याचे उत्तर इथे मिळते. आपण पहिल्यांदा दिलेले उत्तर त्यांनी ऐकले, समजले, मानही हलवली. पण ते आत रुजले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक वेळचा प्रश्न पहिलाच असतो. लग्नाच्या वेळच्या गोष्टी मात्र त्या बारीक तपशिलासह सांगतात, कारण त्या आठवणी कधीच्याच पक्क्या झालेल्या आहेत. 'जुनं सगळं आठवतं, मग आत्ताचं कसं विसरता?' हा आपला टोमणा म्हणूनच अन्यायाचा आहे. आजाराची चालच तशी आहे.

औषध किती करते?

फटीत सोडलेले ॲसिटिलकोलीन क्षणार्धात तोडून टाकणारे एक एन्झाइम शरीरात असते. ते एन्झाइम रोखले तर शिल्लक राहिलेले थोडके रसायन अधिक वेळ टिकेल, या विचारातून औषधे आली. सर्वात जास्त वापरले जाणारे डोनेपेझिल हे औषध जपानमधील एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने तयार केले. सुगिमोतो यांच्या स्वतःच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता. 1996 साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलंटामिन ही त्याच जातीची दुसरी औषधे. ही औषधे भारतातही मिळतात.

त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. ती आजार थांबवत नाहीत आणि मेलेल्या पेशी जिवंत करत नाहीत. काही रुग्णांचे लक्ष, बोलणे, रोजचे व्यवहार काही काळ थोडे बरे राहतात. काहींना मळमळ, जुलाब होतात, कधी नाडी मंदावते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. अल्झायमरमध्ये इतर पेशीही मरतात आणि मेंदूत नको ती प्रथिने साचतात. कोलिनर्जिक बिघाड हे या आजाराचे मुख्य कारण की बाजूची गोष्ट, हा प्रश्न मेसुलाम यांनी स्वतःच एका लेखाच्या मथळ्यात विचारला होता. उरलेले पाणी जपून वापरण्याइतपतच आज आपल्या हाती आहे.

धोतरा आणि औषधांचा डबा

आता सर्वात उपयोगाची गोष्ट. पाणी वाढवणारी औषधे आहेत, तशीच कालव्याचे दार बंद करणारीही आहेत. आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे धोतरा. गावाबाहेर उकिरड्यावर उगवणारे, काटेरी फळाचे झाड. त्याचे बी पोटात गेले की तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस भलतेसलते बोलतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला काहीच आठवत नाही. वाटमारे प्रवाशांना धोतरा चारून लुटत असत ते याच गुणामुळे. धोतऱ्यातील ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये ॲसिटिलकोलीनची जागा अडवून बसतात.

1974 साली अमेरिकेत डेव्हिड ड्रॅकमन आणि जेनेट लेव्हिट यांनी तरुण, निरोगी स्वयंसेवकांना स्कोपोलामिन देऊन स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. नुकतेच ऐकलेले आकडे त्यांना लगेच म्हणून दाखवता येत होते, पण नवी माहिती साठवता येत नव्हती. त्यांचे निकाल वृद्ध माणसांच्या निकालांसारखे दिसू लागले.

आमचा मुद्दा असा की धोतऱ्याची ही चाल थोड्याफार प्रमाणात अनेक साध्या गोळ्यांत असते. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या काही औषधांतील डायफेनहायड्रामिन, ॲलर्जी-उलटीसाठीचे प्रोमेथाझिन, खाजेसाठीचे हायड्रॉक्सिझिन, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, हातपाय कडक होण्यावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल, ही त्यातली काही. धडधाकट तरुणाला यांनी फार तर सुस्ती येते. पण ज्या बुजुर्गांचा झरा आधीच आटत आला आहे, त्यांना तीच गोळी गोंधळात टाकू शकते, पाडू शकते. लघवी अडणे आणि बद्धकोष्ठता या तक्रारीही त्यामुळे वाढतात.

एक नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणा. अब्बांना एका डॉक्टरांनी लघवीसाठी गोळी दिली आहे, दुसऱ्यांनी झोपेसाठी. त्यात सर्दी झाली म्हणून मुलाने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. तिन्ही एकाच जातीच्या निघाल्या. चार दिवसांत अब्बा रात्री उठून घरभर फिरू लागले, घरच्यांना ओळखेनासे झाले. कुणाला वाटते वेड लागले, कुणी म्हणते बाहेरची बाधा झाली. डब्यातल्या गोळ्यांकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

2015 साली अमेरिकेतील सिॲटल येथे 65 वर्षांवरील 3,434 लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासण्यात आली. अशी औषधे ज्यांनी दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेतली होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. यावरून औषधानेच आजार झाला असे सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सावध होण्याइतका हा इशारा पुरेसा आहे.

घरच्यांनी काय करावे?

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात 60 वर्षांवरील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे त्या वयातील दर शंभरांत सात जणांहून अधिक. हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घराचा नाही. म्हणून काही साध्या गोष्टी:

1. बुजुर्ग घेतात त्या सगळ्या गोळ्या, सरबते, हकीम-वैद्यांची औषधे एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांना दाखवावीत. 'यातले काही आठवणीवर परिणाम करणारे आहे का?' असे सरळ विचारावे. सर्दी-ॲलर्जीच्या काही नव्या गोळ्यांत हा दोष खूपच कमी असतो.

2. हा लेख वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काही औषधे एकदम थांबवणे घातक असते.

3. विसरणे म्हणजे प्रत्येक वेळी अल्झायमर नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची उदासी, कमी ऐकू येणे, यांनीही माणूस विसराळू वाटतो, आणि यांवर उपाय आहेत. रक्ताची तपासणी आणि कानाची तपासणी आधी करून घ्यावी.

4. गोंधळ एका-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर त्याला म्हातारपण समजू नये. नवे औषध, लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

5. रमजानमध्ये औषधांच्या वेळा बदलतात. आजारी बुजुर्गांच्या गोळ्यांचे वेळापत्रक महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. त्यांच्या आठवणीवर ते सोडू नये.

6. सांभाळणाऱ्या व्यक्तीचाही विचार करावा. बहुतेक घरांत हा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. इतरांनी पाळी वाटून घ्यावी. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची 14567 ही मदतवाहिनी आहे, तिथेही विचारणा करता येते.

शेवटी मेसुलाम यांच्या केंद्रातील एक आशेची बाब. तिथे 'सुपरएजर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू आहे. ऐंशी ओलांडलेले, पण स्मरणशक्ती वीस-तीस वर्षांनी लहान माणसासारखी, असे हे लोक. त्यांच्यातील प्रत्येकाची राहणी वेगळी, खाणे वेगळे. पण आपल्या माणसांशी जिव्हाळ्याचे संबंध असल्याचे त्यांनी समवयस्कांपेक्षा अधिक प्रमाणात सांगितले. जिव्हाळ्याने आजार टळतो असा दावा कुणी करत नाही. मात्र बुजुर्गांजवळ दोन घटका बसणे, तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखे उत्तर देणे, याला चिठ्ठी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

तेवढे आजपासून करावे, आणि या आठवड्यात औषधांचा डबा एकदा उघडून पाहावा.